लॅपटॉपचा कॅमेरा सापडत नाही तेव्हा

कर्जाच्या प्रस्तावावर बँकेची ऑनलाइन बैठक लागलेली, अध्यक्ष-सचिव पदर सावरून बसलेल्या, आणि पडद्यावर येतं 'कॅमेरा सापडला नाही'. लगेच कुणीतरी म्हणतं, दुकानात टाका. जरा थांबा.

चित्र नुसतं काळं दिसत असेल, तर कॅमेरा सापडलेला आहे. भिंगावरची बारीक झडप सरकवा. (कधी कधी तिथे टिकली चिकटवलेली असते!) सापडतच नसेल, तर लॅपटॉपच्या कडेला स्विच किंवा बटणांवर कॅमेऱ्याचं चिन्ह आहे का पाहा. काही लॅपटॉपांत ते बंद केलं की कॅमेरा यादीतूनच नाहीसा होतो.

मग विंडोज ११ असेल, तर सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', त्यात 'कॅमेरा', आणि परवानगी चालू. तरी नाही? विंडोजचं बटण धरून एक्स दाबा, 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. कॅमेऱ्याच्या नावाजवळ खाली वळलेला बाण म्हणजे तो बंद केलेला आहे. राइट क्लिक करून 'एनेबल' करा. नावच नसेल, तर 'ॲक्शन'मधलं 'स्कॅन फॉर हार्डवेअर चेंजेस' दाबा. नंतर शट डाउन नको, रिस्टार्टच करा.

आतल्या कॅमेऱ्याची वायर बिजागरीजवळून जाते. झाकण हलवल्यावर चित्र येत-जात असेल, तर वायर सैल झालीय, ते काम दुकानाचंच. तोवर बैठक मोबाइलवरून जोडा. आणि दुकानदार 'फॉरमॅट मारू' म्हणाला, तर आधी गटाचे हिशेब पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.