बायांचं दुखणं विचारणार कोण?

(विहाराच्या वर्धापनदिनी महिला मंडळातर्फे केलेले भाषण)



यंदा महिला मंडळ पाळी, अंगावरून पांढरं जाणं आणि पिशवीचं ऑपरेशन यांवर बोलणार, असे आम्ही कळवले तेव्हा काही मंडळींनी खाली माना घातल्या. विहारात हे विषय कशाला, असेही कुणी म्हणाले. त्याचे उत्तर आधी देतो.

अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता, कोणी त्याच्याजवळ जाईना. तेव्हा भगवान बुद्धांनी आनंदाकडून पाणी आणवले आणि दोघांनी मिळून त्याला धुऊन पुसून अंथरुणावर निजवले. ही हकीकत विनयपिटकात आहे. तथागतांना ज्याची शिसारी आली नाही, त्याची आपण का आणायची? आणि बाबासाहेबांचे म्हणाल, तर रघुनाथ धोंडो कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे देत, म्हणून सरकारने त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला. 1934 साली त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण 1938 साली मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला, तेव्हा बाबासाहेब पुन्हा त्याच बाजूला उभे होते. तोही ठराव फेटाळला गेला. म्हणजे हा विषय आम्ही काही नव्याने विहारात आणलेला नाही.

आता मुद्द्याचे. बाईचं दुखणं हे दुखणं आहे, हे मोजून दाखवायला आपल्या देशात फार उशीर झाला. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या तेरा वर्षांपुढच्या सर्व मुली-बायांना तपासणीसाठी बोलावले. दवाखान्यात आलेल्या नव्हे, गावातल्या सगळ्या. हेच त्या संशोधनाचे वेगळेपण. 650 जणींची तपासणी झाली. शंभरातल्या 92 जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोग निघाला, एकेकीला सरासरी साडेतीनपेक्षा जास्त. यातले निम्मे जंतुसंसर्गाचे. आणि याआधी आतून तपासणी झालेल्या बाया किती? शंभरात 8. हे संशोधन 1989 साली 'लॅन्सेट' या इंग्रजी वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि जगभर त्याची चर्चा झाली. तोवर सरकारी योजनांत बाई म्हणजे बाळंतपण आणि नसबंदी, एवढाच हिशेब होता. आम्हाला त्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शंभरातल्या 45 जणींची काहीच तक्रार नव्हती. तरी रोग निघाले. बाई बोलत नाही म्हणजे तिला काही होत नाही, असे कसे म्हणायचे?

आता आपल्या शेजारी या. बीड जिल्हा आपल्याला परका नाही. कळंब, भूम, वाशी त्याला लागूनच आहेत आणि उसाला जाणारे इकडचेही आहेत. तिथे 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती बसली. ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायांची पाहणी झाली, त्यांत 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा जणींत एक! 2015-16 च्या राष्ट्रीय पाहणीत 15 ते 49 वयाच्या बायांत हे प्रमाण शंभरात 3 होते. वयाचा थोडा फरक धरला तरी हे अंतर झाकत नाही.

असं का होतं, ते उसाच्या फडात गेलेल्यांना सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच खाल्लेली. पाळीत पोट दुखलं, एक दिवस बसलं, की खाडा, आणि खाड्याचा दंड. कोपीवर न्हाणी नाही, संडास नाही, धुवायला पाणी नाही. मग जंतुसंसर्ग होतो, पांढरं जातं, कंबर धरते. तिला दवाखान्यात सांगतात, पिशवी खराब झाली, पुढे कॅन्सर होईल. ती बिचारी कर्ज काढून ऑपरेशन करते. जे गोळ्यांनी बरं झालं असतं त्यापायी अवयव जातो. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले, तर तिशीतच पाळी गेल्यासारखं होतं. अंगातून वाफा निघतात, हाडं ठिसूळ होतात, आणि कोयता तर सुटत नाहीच.

ऑपरेशन कधीच करू नये असे आमचे म्हणणे नाही. कॅन्सर असेल, मोठी गाठ असेल, औषधाने रक्त थांबत नसेल, तर करावेच लागते. पण आधी आतून तपासणी, सोनोग्राफी, गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी, मग औषध, आणि तरीही गरज वाटली तर दुसऱ्या डॉक्टरचं मत. एप्रिल 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्याचे नियम तीन महिन्यांत लागू करा, असे राज्यांना बजावले आहे.

पुरुष मंडळींना एक सांगणे आहे. काही संसर्गांत औषध दोघांनाही घ्यावे लागते. बायकोने गोळ्या खायच्या आणि नवरा मोकळा, मग तेच दुखणं महिन्याभरात परत. तेव्हा तिला दवाखान्याच्या दारात सोडून हॉटेलात चहा पीत बसू नका, आत या.

महिला मंडळाने ठरवले आहे की दर पौर्णिमेला वंदनेनंतर बाया अर्धा तास थांबतील. आशाताईंनाही बोलावले आहे. ज्यांना तपासणीला जायचे पण एकटीने जायला लाज वाटते, त्यांच्यासोबत आमच्यातल्या दोघी जातील. उसाला जाणाऱ्यांनी दसऱ्याच्या आधीच नाव सांगावे, कारण एकदा टोळी निघाली की उन्हाळ्यापर्यंत गाठ पडत नाही.

नमो बुद्धाय, जय भीम.