रोजचे एक पान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या कथालेखन-शिबिरातील भाषण)



कथा कशी लिहावी, हे सांगण्याचा अधिकार माझ्यापाशी नाही. माझ्या छापून आलेल्या कथा दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील. कथा रोज कशी लिहावी, याविषयी मात्र थोडे अनुभवाचे बोल सांगता येतील.

१९७१ साली लग्न होऊन मी साताऱ्याहून जबलपूरला आले. त्या काळी माझे लेखन लहरीवर चाले. मनात आले की लिहावे. वर्षाकाठी एखादी कथा होई. १९७९ साली एका मासिकाने कथा साभार परत केली. संपादकांनी सौजन्याने एक ओळ लिहिली होती, की आपली पात्रे पत्र लिहिल्यासारखी बोलतात. राग आला, आणि त्याहून वाईट म्हणजे ते पटले. कानावर पडणारे मराठी ते किती? सासूबाईंचे, मंडळातले आणि माहेरच्या पत्रांतले. त्यानंतर नऊ वर्षे मी कथा म्हणून एक ओळ लिहिली नाही.

लिहीत होते ती केवळ आईला पत्रे. दर गुरुवारी दुपारी, भांडी आवरल्यावर. १९८८ साली आई गेली. पुढच्या गुरुवारी हात सवयीने कागदाकडे गेला, आणि लिहायला कोणी नव्हते. तेव्हा मी कागद तसाच पुढे ओढला आणि सतरा वर्षांत आईला जे कळवले नव्हते, ते एका कल्पित बाईच्या नावावर घातले. पत्रांत नेहमी सर्व कुशल असे. पहिल्या उन्हाळ्यात घराचे दार लावून मी किती रडले होते, ते कोणत्याच पत्रात नव्हते. दुसऱ्या दिवशी शुक्रवार असूनही मी बसले. सवय लागली ती अशी.

अँथनी ट्रोलोप हा इंग्रज कादंबरीकार टपालखात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो मेजाशी बसे आणि घड्याळ समोर ठेवून दर पाव तासाला २५० शब्द लिही. कामावर जाण्यापूर्वीच्या तीन तासांत अशा सत्तेचाळीस कादंबऱ्यांपैकी पुष्कळशा झाल्या. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ साली निघालेल्या आत्मचरित्रात हा सारा हिशेब आहे. मात्र त्याच हिशेबात, त्याला वेळेवर उठवून कॉफी आणून देणाऱ्या म्हाताऱ्या मोतद्दाराला वर्षाला पाच पौंड जादा दिल्याचीही नोंद आहे. आपल्या घरांत, भगिनींनो, उठवणारी, कॉफी करणारी आणि लिहू इच्छिणारी बहुधा एकच असते! म्हणून ट्रोलोपचे माप आपण घेऊ नये. माझे माप वहीचे एक पान. ताप असला तर अर्धे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन पाने लिहायची नाहीत; उधारी साचली की माणूस वहीला तोंड चुकवू लागतो. आणि पान संपले की प्रसंग अर्धा असला तरी उठायचे. अर्धवट सोडलेले माणूस रात्री पोळ्या लाटताना आपोआप बोलू लागते.

बसल्यावर प्रथम कालचे पान मोठ्याने वाचते. संपादकांच्या त्या ओळीवर मला सापडलेला उपाय हाच. डोळा पुस्तकी वाक्याला क्षमा करतो, कान करत नाही.

एकदा कथेतली मुलगी शाळेतून येऊन म्हणाली, "आई, छत्री गुमली." माझीच मुलगी तसे म्हणे. मी ते खोडून 'हरवली' केले. दुसऱ्या दिवशी वाचताना ती मुलगी एकाएकी साताऱ्याची झाली! तिला नर्मदेचा घाट ठाऊक होता, कृष्णेचा नव्हे. मी 'गुमली' परत लिहिले. शुद्ध मराठीचा आग्रह मला आजही आहे; तो निवेदनात मी पाळते. पण पात्राच्या तोंडची भाषा त्याची असते. हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक' साप्ताहिकातून 'पण लक्षात कोण घेतो?' क्रमशः लिहिली, ती यमूच्या तोंडून, घरातल्या बायकांच्या बोलीत. छापखाना त्यांच्यासाठी थांबणार नव्हता, हाही एक मोतद्दारच म्हणायचा. जी. ए. कुलकर्णी धारवाडला राहून, कॉलेजात इंग्रजी शिकवून मराठी कथा लिहीत राहिले. अवतीभवती मराठी नाही ही सबब, निदान मला, त्यानंतर पुढे करता येईना.

रोज लिहिलेले चांगले असते असे मात्र नाही. दोनशे पानी वहीतून मला एखादी कथा मिळते, कधी तीही नाही. उरलेल्या पानांत हवापाणी, भाजीचे भाव, शेजारणीशी भांडण. मुलीने एकदा विचारले, इतके वाया कशाला घालवायचे? मला उत्तर सुचले नाही. परवा फोनवर तिने त्या वह्या मागितल्या. तिच्या मुलाला मराठी वाचता येत नाही, तिला त्याला वाचून दाखवायच्या आहेत. त्या पहिल्या पानापाशी ती काय करील, या विचाराने अजून पाठवलेल्या नाहीत.

कार्यकर्त्यांनी बाहेरच्या टेबलावर कोऱ्या वह्या ठेवल्या आहेत. चहाला जाताना प्रत्येकाने एकेक घ्यावी. पहिल्या पानाला विषय सुचत नसेल, तर या गावी आल्यावर घरी लिहिलेले पहिले पत्र आठवा, आणि त्यात जे लिहायचे टाळले होते तेथून आरंभ करा.