स्वस्त औषध आणि रुग्णाचा विश्वास
(फरीदाबाद येथील व्याख्यान)



फरीदाबाद ही कामगारांची नगरी आहे. फाळणीनंतर निर्वासितांसाठी वसविलेल्या या नगरात पुढे ट्रॅक्टरचे आणि यंत्रांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे राहिले. ठराविक वेतनमर्यादेतील नोंदणीकृत कामगारांना कर्मचारी राज्य विमा योजनेतून औषधे मिळतात. परंतु या छत्राबाहेरच्या मजुराला, सरकारी दवाखान्यातील साठा संपला की, रक्तदाबाची गोळी विकतच घ्यावी लागते. हा खर्च एकदाचा नसून जन्मभराचा असतो.

स्वस्त औषधे बनविण्याची क्षमता आपल्याकडे नाही, असे मुळीच नाही. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांच्या बाबतीत उत्पादनाला पेटंट न देता केवळ प्रक्रियेला दिले आणि देशी उद्योग बहरला. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एड्सवरील तीन औषधांचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. पाश्चात्त्य देशांत त्याची किंमत १०,००० डॉलरहून अधिक होती. २००५ मध्ये उत्पादन पेटंट परत आले, तरी सक्तीच्या परवान्याची तरतूद कायम राहिली. तिच्या आधारे २०१२ मध्ये नॅटको कंपनीला सोराफेनिब हे कर्करोगावरील औषध बनविण्याची अनुमती मिळाली आणि महिन्याचा सुमारे २,८०,००० रुपयांचा खर्च ८,८८० रुपयांवर आला.

मग अडते कोठे? औषधाच्या बाजारात निवड करतो डॉक्टर, पैसे मोजतो रुग्ण. पेटंटमुक्त औषधेही येथे बहुधा कंपनीच्या छापाखाली विकली जातात. त्यामुळे स्पर्धा किमतीत न होता नावांच्या प्रसिद्धीत आणि विक्रेत्याच्या नफ्यात होते. बाजारात विक्रेते अनेक असूनही किंमत उतरत नाही, याचे कारण हेच होय.

२००८ मध्ये अमृतसर येथून सुरू झालेल्या जनऔषधी योजनेची केंद्रे २०२५ पर्यंत १५,००० च्या घरात पोहोचली. परंतु केंद्र उघडले म्हणजे औषध रुग्णापर्यंत पोहोचलेच, असे नव्हे. चिठ्ठीवर छापाचे नाव असेल, तर रुग्ण तेच मागतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये मूळ नावाने औषध लिहिण्याचा नियम काढला आणि त्याच महिन्यात तो स्थगित केला. स्वस्त औषधांच्या दर्जाची खात्री काय, हा डॉक्टरांचा आक्षेप होता. तो केवळ सबब म्हणून झटकून टाकता येणार नाही.

म्हणून दर्जाची हमी हाच स्वस्ताईचा पाया मानला पाहिजे. तामिळनाडूच्या वैद्यकीय सेवा महामंडळाने १९९० च्या दशकापासून एकत्रित खरेदी, प्रत्येक खेपेची तपासणी आणि संगणकीय साठानोंद यांची सांगड घातली. हाच मार्ग इतरत्रही अनुसरता येईल. तपासणीचे निष्कर्ष जनतेसमोर ठेवले, तर डॉक्टरांची शंका फिटेल आणि रुग्णाचा विश्वास वाढेल. औषध स्वस्त करणे उद्योगाने साधले आहे. ते विश्वासार्ह करून गरिबाच्या हाती देणे ही शासनाची जबाबदारी आहे.