फोटोच्या पाठीवर काय लिहावे?



युनियनच्या माणसाने जुन्या वास्तूंच्या फोटोंवर काय बोलावे, असे पत्रिका वाचून काहींना वाटले असेल. माझे शिक्षण शाळेत थोडे, बाकीचे संपाच्या मंडपात आणि वाचनालयात झाले. कॅमेराही असाच विचारत विचारत शिकलो.

पंचवीसेक वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका जिनाचे कौलारू छप्पर मला फार आवडले. उन्हे कलताना मी त्याचा फोटो घेतला. छपराखाली रेच्यांत कापूस टाकणाऱ्या सात बाया त्यात आपोआपच आल्या. पुढे जिन बंद पडले, छप्परही उतरवले. देणी द्यायची वेळ आली तेव्हा मालक म्हणाला, त्या हंगामात या बाया आमच्याकडे नव्हत्याच, मस्टर बघा. मी मोठ्या ऐटीने फोटो पुढे केला. त्यांच्या वकिलाने तो नुसता उलटा केला. पाठ कोरी! साल कोणते, ते मला शपथेवर सांगता येईना. बायांना एक पैसा मिळाला नाही. त्यांतली एक अजून बाजारात भेटते आणि म्हणते, "भाऊ, फोटो मात्र झ्याक होता."

आता आपल्या वाशीमचेच पाहा. हे वाकाटकांचे वत्सगुल्म. त्या राजधानीचा वाडा आज कोण दाखवील? पण दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली उजेडात आला. त्यात वत्सगुल्माचे नाव आहे, दान दिलेल्या गावाचे आहे, आणि राज्याचे ३७ वे वर्षही नोंदले आहे. दगड गेले, तारीख राहिली. त्या कारकुनाला माझ्यापेक्षा जास्त अक्कल होती!

म्हणून बालाजीच्या देवळाचा फोटो घ्याल तेव्हा भवानी काळूंनी ते बांधले एवढ्यावर थांबू नका. आज तिथे झाडलोट कोण करतो, त्यालाही उभा करा. खांबाची उंचीही त्याच्यावरून कळेल. कारंज्यावरून जाणाऱ्या शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९९४ साली निघाले, आता गाडीही धावत नाही. इंजिनाचे फोटो पुष्कळ आहेत. फाटक लावायला गाडीतून उतरणाऱ्या माणसाचे मला शोधून सापडत नाहीत. सोहोळच्या काळविटांना मात्र उभे करायला जाऊ नका. त्यांना पळवून काढलेल्या फोटोत भीतीखेरीज काही दिसत नाही.

मोबाईलवाल्यांनीही निवडक चार फोटो कागदावर काढून घ्यावेत आणि मागे दिवस, गाव, दिशा, माणसांची नावे लिहावीत. नावे त्यांना विचारून.

येत्या रविवारी आम्ही काही जण कारंज्याला दिल्ली वेशीपाशी जमणार आहोत. ज्यांना यायचे त्यांनी सकाळच्या उन्हाआधी पोचावे, आणि जवळ शिसपेन्सिल ठेवावी. शाई फोटोच्या कागदावर पसरते.