बारिओच्या खाचरात हात कुणाचे?

सारावाकमधल्या मिरी शहराच्या विमानतळावर बारिओला निघालेल्या प्रवाशाचं सामान काट्यावर ठेवतात आणि त्यापाठोपाठ खुद्द प्रवाशालाही काट्यावर उभं करतात. कुणाला त्यात वावगं वाटत नाही. एकोणीस आसनांचं ट्विन ऑटर विमान, मध्ये डोंगर, पलीकडे आखूड धावपट्टी. किलोकिलोचा हिशेब जुळल्याशिवाय उड्डाण नाही. तासाभराच्या आत खालचं घनदाट जंगल एकाएकी बाजूला सरतं आणि हजारेक मीटर उंचीवरचं एक सपाट, पाणथळ पठार दिसू लागतं. खाचरंच खाचरं, बांधांवर म्हशी, कडेला लांबच लांब पडवीची घरं. मलेशियाच्या हद्दीतलं, पण इंडोनेशियाच्या सीमेला जवळजवळ टेकलेलं हे बोर्निओतलं गाव.

इथली वस्ती केलाबित लोकांची. अख्खा समाज मोजला तरी पाच-सहा हजारांच्या घरात भरेल, आणि त्यातले निम्म्याहून बरेच कमी आज डोंगरात राहतात. बाकीचे मिरीत, कुचिंगमध्ये, क्वालालंपूरमध्ये, काही थेट युरोपात.

अशा गावाचं नाव निघालं की ‘जगापासून तुटलेलं’ हे विशेषण आपसूक जिभेवर येतं. बारिओला ते चिकटत नाही. गेल्या ऐंशी वर्षांत या पठारावर जग वारंवार येऊन गेलं, आणि तेही बहुतेकदा आकाशातून. २५ मार्च १९४५ रोजी टॉम हॅरिसन हा इंग्रज मेजर सात साथीदारांसह पॅराशूटने इथे उतरला. जपानी सैन्याच्या पिछाडीला स्थानिकांची फळी उभी करायची, ही त्याची कामगिरी. केलाबितांनी त्याला थारा दिला, तांदूळ दिला, वाटाडे दिले. पुढे सीमेपलीकडे बलावितला विमानं उतरवायची वेळ आली, तेव्हा चिखलाच्या खाचरांवर बांबू अंथरून धावपट्टी तयार केली गेली. हॅरिसन पुढे सारावाक संग्रहालयाचा प्रमुख झाला. माणूस हेकट होता, त्याच्याबद्दल मतंही टोकाची आहेत. पण डोंगरातल्या पोरांना शाळा हवी याबाबत त्याचं आणि केलाबितांचं एकमत होतं. १९४६ मध्ये इथली पहिली शाळा सुरू झाली.

त्या शाळेने गावाचं नशीब पालटलं आणि आजच्या अडचणीचं मूळही तिथेच आहे.

१९६३ ते १९६६ या काळात इंडोनेशिया आणि नव्या मलेशियात चकमकी चालू होत्या. सीमेलगतच्या वाड्यांमधली माणसं सुरक्षिततेसाठी बारिओच्या पठारावर आणून वसवली गेली. विखुरलेला समाज एका जागी आला. शाळा, दवाखाना, चर्च, धावपट्टी सगळं हाकेच्या अंतरावर आलं. तोवर बहुतेकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. १९७३ साली शाळकरी मुलांमधूनच धार्मिक जागृतीची एक लाट उठली आणि साऱ्या पठारावर पसरली. पूर्वी समारंभात तांदळाची दारू वाहायची. आता चहा नि मायलो वाहतो.

समारंभाचा विषय निघालाच आहे, तर ‘इराउ’बद्दल सांगितलंच पाहिजे. जोडप्याला पहिलं मूल झालं की आईबाप नवं नाव घेतात आणि त्यांच्याबरोबर आजी-आजोबाही. सगळ्या गावाला जेवण. नवी नावं सर्वांसमोर पुकारली जातात, आणि जमलेले पाहुणे नुसते जेवून जात नाहीत. ते या नामांतराचे साक्षीदार असतात, म्हणून यजमानच त्यांच्या हाती भेट ठेवतो. शहरात नोकरी करणारा केलाबित रजा काढून, विमानाचं तिकीट काढून या समारंभासाठी गावी येतो. नाव बदलायचं तर ते गावात, लोकांसमोर. समाज इतका पांगला, तरी गावाशी बांधणारा हा धागा अजून शाबूत आहे.

पठारावरचं मुख्य धन म्हणजे तांदूळ. बारीक, शुभ्र, किंचित सुवासिक. वर्षाला एकच पीक: पावसाळी हिशेबाने जुलै-ऑगस्टच्या सुमारास लावणी, नव्या वर्षाच्या आरंभी कापणी. पिढ्यान्‌पिढ्या ही खाचरं पाण्याखाली राहिली. म्हशी सोडून तुडवली, हाताने लावली, विळ्याने कापली. थंड हवा, डोंगरातलं वाहतं पाणी आणि भरपूर वेळ यांवर हे पीक पोसतं. आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन बारिओच्या तांदळाने मलेशियात २००८ मध्येच पटकावलं. शहरातल्या दुकानात त्याचा भाव साध्या तांदळाच्या कैक पट. शिजवून मऊ घोटलेला हा भात पानात बांधून ठेवायची इथली रीत आहे. पुडी उघडली की आत हिरवट वास लागलेला उबदार गोळा.

दुसरं धन मीठ. समुद्रापासून इतक्या दूर, डोंगरात मीठ! पा उमोर वाडीच्या बाजूला जंगलात खाऱ्या पाण्याचा झरा आहे. झऱ्याच्या तोंडाशी कठडा केलेला. पाणी बादलीने उपसायचं आणि मोठ्या पसरट कढयांत ओतायचं. खाली लाकडांचा जाळ. रात्रंदिवस उकळल्यावर तळाशी करडं, ओलसर मीठ उरतं. ते बांबूच्या नळ्यांत ठासून भरतात आणि नळ्या पुन्हा विस्तवात घालतात. बांबू जळून जातो, आत कडक दांडी उरते, ती पानात गुंडाळून विकायची. या मिठात आयोडीन मुबलक आहे. पूर्वी सीमेपलीकडच्या गावांशी होणाऱ्या देवघेवीत ते चलनासारखं फिरायचं. आज पर्यटक मोठ्या हौसेने पानाची पुडी विकत घेतात, दुसऱ्यांना भेट देतात. पण त्या कढयांखाली रात्रभर लाकडं सारायला कोण बसणार? खरी मेख इथे आहे.

बारिओने संधी हुकवली, असं कुणी म्हणू शकणार नाही. १९९८ मध्ये मलेशियाच्या सारावाक विद्यापीठातल्या संशोधकांनी गावाशी बोलून ई-बारिओ हा प्रकल्प आखला. या चमूत पोलीन बाला ही केलाबित मानववंशशास्त्रज्ञही होती. टेलिफोनचीही नीट सोय नसलेल्या गावात उपग्रहाची तबकडी आली, सौरपत्रे आले, संगणक आले. यंत्रं आणून टाकून मग वापर शोधायचा, असा सरकारी खाक्या इथे नव्हता. लोकांना काय हवं ते आधी विचारलं गेलं. लोकांना हवं होतं काय? शहरातल्या मुलांशी बोलणं, तांदळाचा भाव, पाहुण्यांची नोंदणी. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या इंटेलिजंट कम्युनिटी फोरमने जगातल्या सात निवडक समुदायांत बारिओला बसवलं. २०११ मध्ये गावाने स्वतःचं रेडिओ केंद्र काढलं. विजेचं मात्र रडगाणं चाललं: ओढ्यावरचा छोटा जलविद्युत प्रकल्प फार काळ टिकला नाही, डिझेल विमानाने आणावं लागे. अलीकडे सौर प्रकल्प आल्यावर चित्र सुधारलं.

शाळेने काय कमावलं, याचं एकच ठळक उदाहरण पुरे. बारिओत जन्मलेला इद्रिस जाला २००५ मध्ये मलेशिया एअरलाइन्सचा प्रमुख झाला आणि २००९ मध्ये देशाचा मंत्री. इतक्या चिमुकल्या समाजातून इतके डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक निघाले की केलाबितांचं शिक्षण हा सारावाकमध्ये कौतुकाचा विषय आहे. पण मोठ्या शिक्षणासाठी मूल डोंगर उतरलं की ते बहुधा सुट्टीला म्हणूनच परततं. खाचरात दिसतात ते साठीच्या आसपासचे आईबाप. शाळा यशस्वी झाली म्हणून शेत ओस पडू लागलं. याला अपयश म्हणावं की काय म्हणावं?

मग लावणी-कापणी करतं कोण? सीमेपलीकडच्या क्रायान भागातले मजूर. तिथले लोक भाषेने, नात्याने केलाबितांचे भाईबंदच. मधली सीमारेषा दोन साम्राज्यांनी आखलेली. पायवाट त्याहून जुनी. मार्च २०२० मध्ये करोनामुळे मलेशियाने सीमा बंद केली, तेव्हा ही व्यवस्था किती नाजूक आहे ते दोन्हीकडे कळलं. इकडे मजूर येईनात, तिकडे मलेशियातून जाणारी साखर, इंधन, सिमेंट थांबलं.

गेल्या दशकात यंत्रं आणायचेही प्रयत्न झाले. नांगरणी-कापणी यंत्राने झाली तर म्हाताऱ्यांची पाठ वाचते, हे उघड आहे. उलट बाजूही तितकीच खरी: यंत्राला मोठी सपाट खाचरं लागतात, जुने बांध मोडावे लागतात, आणि बांध हीच जमिनीच्या मालकीची खूण. शिवाय या तांदळाचा भाव हाताच्या कामावरच टिकून आहे, अशी धास्तीही आहे.

रस्त्याची गोष्ट अशीच दुधारी. लाकूडतोडीसाठी कंपन्यांनी काढलेला कच्चा रस्ता आता बारिओपर्यंत पोहोचला आहे. कोरड्या दिवसांत मिरीहून चारचाकीने दहा-बारा तास. पाऊस लागला तर चिखल ठरवील तेवढे. त्याने सिमेंट-पत्रे स्वस्त झाले. पण त्याच रस्त्यांनी आसपासचं जंगल उजाड केलं. भटक्या पेनान लोकांसाठी लढणारा स्विस कार्यकर्ता ब्रुनो मान्सर मे २००० मध्ये याच डोंगरांत शेवटचा दिसला. पुढे न्यायालयाने त्याला मृत घोषित केलं. २००५ मध्ये जवळच पुलोंग ताऊ राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. उद्यानाबाहेरच्या झाडांचं काय, हा वाद अजून धुमसतो आहे.

भवितव्य म्हणाल तर सध्या दोन घडामोडींवर नजर ठेवावी. एक, निवृत्त केलाबित गावी परतून घरं बांधत आहेत, पाहुणे ठेवत आहेत. ते पेन्शन आणतात, ओळखी आणतात. खाचरात उतरतील असं मात्र नाही. दुसरी घडामोड सीमेपलीकडची. क्रायानच्या अदान तांदळालाही इंडोनेशियाने २०१२ मध्ये भौगोलिक मानांकन दिलं आहे, आणि मलिनाऊ शहराकडून क्रायानकडे येणाऱ्या रस्त्याचं काम चालू आहे. आपला तांदूळ आपल्याच बाजारात नेता येऊ लागला, तर क्रायानचा शेतकरी डोंगर ओलांडून बारिओच्या खाचरात मजुरीला येईल का, हे बारिओकरांनी आतापासूनच विचारून ठेवायला हवं.