धर्माचे कुंपण आणि माणसाची वाढ



मजुरांच्या संघटनेत आयुष्य घालविलेल्या माणसाने अध्यात्मावर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे वाचले ते सभा आटोपल्यावर, कंदिलाच्या उजेडात. परंतु आजचा विषय आम्हांस पुस्तकातून सुचलेला नाही. बांबूच्या कूपात आणि तेंदूपानांच्या हंगामात भेटणारी ख्रिस्ती घरांतली तरुण मुले तो आमच्यापुढे आणतात. अमुक खाल्ले, तमुक जत्रेला गेला, रविवारची उपासना चुकविली, की मंडळीतून नाव कमी. अशा धाकात ती वाढलेली असतात. एक दिवस ती बाहेर पडतात, आणि मग त्यांना वाटते की नियम गेले तसा देवही गेला. हे खरे आहे काय?

सोवळे केवळ आमच्या हिंदू घरांतच असते असे नाही. ते प्रत्येक धर्मात शिरते. गंमत अशी की ख्रिस्ती धर्माच्या अगदी आरंभी पौलाने गलतीकरांस जे पत्र लिहिले, त्याचा विषयच हा आहे. सुंता आणि नियमशास्त्र पाळल्यावाचून तारण नाही असे म्हणणाऱ्यांशी तो त्यात कडाकडा भांडला आहे. म्हणजे कर्मठपणाविरुद्धची तक्रार बाहेरच्यांची नव्हे, ती घरातलीच आणि फार जुनी आहे.

या वाटेने गेलेली तीन माणसे महाराष्ट्राला जवळची आहेत. पहिल्या पंडिता रमाबाई. 1883 साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ज्या भगिनींच्या मठात त्या राहात होत्या, त्यांनी सांगितलेली प्रत्येक मतप्रणाली मुकाट्याने मान्य करावयास त्या तयार झाल्या नाहीत. एका धर्मातील पुरोहितांची सत्ता सोडून दुसऱ्या धर्मातील पुरोहितांची सत्ता का पत्करावी, हा त्यांचा रोख होता. त्यांनी ख्रिस्त सोडला नाही. मात्र कोणत्याही एका पंथाच्या ताब्यात त्या गेल्या नाहीत. 1889 मध्ये मुंबईस शारदासदन, पुढे केडगावचे मुक्तिसदन, आणि अखेरच्या वर्षांत मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबलाचे मराठी भाषांतर. 1922 साली त्या वारल्या. बंधन झुगारणारी बाई आळशी झाली नाही; तिने कामाचा डोंगर उपसला.

दुसरे रेव्हरंड नारायण वामन टिळक. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते अमेरिकन मराठी मिशनच्या कामात शिरले. ब्राह्मण घर सुटले, पत्नी लक्ष्मीबाईंची काही वर्षे ताटातूट झाली, तरी कवी आपल्या निश्चयापासून हलला नाही. परंतु मिशनच्या पगारी चौकटीत भक्ती कोंडते असे त्यांस वाटू लागले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो अशी त्यांची भावना होती. 1917 साली त्यांनी मिशनचे काम सोडले आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेला व न झालेला, दोघांनाही जागा होती. 1919 च्या मे महिन्यात ते गेले. दरबार पुरता उभा राहावयास अवधीच मिळाला नाही. तरी त्यांचे अभंग आजही चर्चमध्ये गाइले जातात.

तिसरे उदाहरण आमच्या जिल्ह्याच्या जवळचे आहे. व्हेरिअर एल्विन हा एका बिशपाचा मुलगा, ऑक्सफर्डचा विद्वान, दीक्षित पाद्री. 1927 साली तो पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला आणि गांधीजींच्या सहवासात पडला. 1932 साली आपले मराठी मित्र शामराव हिवाळे यांच्यासह तो मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये राहावयास गेला. शाळा, दवाखाना, कुष्ठरोग्यांचा आश्रम काढला. मात्र गोंडांना बाटविणार नाही असे ठरविले. त्या वेळी नागपूरचे बिशप अलेक्स वुड होते. त्यांची आधीची कित्येक वर्षे चांद्याच्या मिशनमध्ये गेली होती. परवाना हवा तर इंग्रज राजाशी निष्ठेची शपथ घे, असे त्यांचे म्हणणे. एल्विनने ती घेतली नाही, आणि 1935 साली त्याने पाद्रीपण व चर्च दोन्ही सोडले.

पुढची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. आश्रमाचे ब्रह्मचर्य व दारूबंदीचे नियमही गोंडांच्या मोहाच्या झाडाखाली त्याला पटेनात, आणि तेथूनही तो दूर झाला. एक कुंपण सोडून दुसऱ्यात शिरला नाही, हे त्याचे बळ. मुरियांच्या घोटुलावरचा त्याचा 1947 चा ग्रंथ इंद्रावतीपलीकडच्या बस्तरातील माणसांना माणूस म्हणून पाहतो. 1954 साली तो भारताचा नागरिक झाला आणि 1964 मध्ये वारला.

पण आम्ही मजुरांचे वकील. हिशेबाची दुसरी बाजू झाकणार नाही. 1940 साली एल्विनने कोसी या अगदी कोवळ्या वयाच्या गोंड मुलीशी लग्न केले आणि 1949 साली घटस्फोट घेतला. आत्मचरित्रात त्याने तिच्यासाठी जेमतेम काही ओळी खर्चिल्या, आणि कोसीचे पुढचे दिवस हलाखीत गेले. नियम सोडणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. पुरोहिताचा नियम मोडला म्हणून दिलेला शब्द मोडण्याची मुभा मिळत नाही. नियमाची जागा जबाबदारीने भरली नाही, तर ती लहर भरते, आणि लहरीचा भुर्दंड नेहमी दुबळ्याला पडतो.

मग वाढ झाली की नाही, हे कसे ओळखावे? आमच्या संघटनेत पावती फाडणारा प्रत्येक जण सभासद असतो. पण संपाच्या दहाव्या दिवशी शेजाऱ्याच्या चुलीत काय शिजले हे विचारणारा तोच खरा सभासद. पावती खोटी नव्हे. पावतीवर काम संपत नाही, एवढेच. धर्माचेही तसेच. भीती कमी झाली काय? दुसऱ्याचे दुःख आधी दिसू लागले काय? कोणी पाहात नसता वजनकाटा सरळ राहतो काय? पाहणारा बिशप गेल्यावरही ही तीन उत्तरे होकारार्थी येत असतील, तर त्या माणसात देव उरला आहे, मग तो त्याला कोणत्याही नावाने हाक मारो अथवा न मारो. केवळ जुन्या मंडळीची टवाळी करण्यात ज्याचे दिवस जातात, तो मात्र अजून कुंपणालाच धरून उभा आहे. फक्त बाहेरच्या बाजूने.

शेवटी घरच्या वडील मंडळींना एक विनंती. प्राणहिता येथे गोदावरीला मिळते. संगमाच्या अलीकडे तिची वाट वेगळी असते. म्हणून ती नदी नव्हे असे आपण म्हणत नाही. मुलगा उपासनेला आला नाही म्हणून त्याचे ताट बाजूला काढू नका. आणि तरुणांनो, आई प्रार्थनेला बसली असता हसू नका. चुलीवरचे भात तेवढे पाहा. इतके जमले, तर या घरात धर्म आहे असे आम्ही म्हणू.