अकोल्याच्या उन्हात रॅमची परीक्षा

आज बोलू रॅमबद्दल. नवा पीसी बांधला की पोरं सांगतात, “भाऊ, एक्सएमपी चालू केलं, रात्रभर टेस्ट मारली, एकही एरर नाही.” मी एवढंच विचारतो, टेस्ट कोणत्या महिन्यात मारली?

डब्यावर ६००० लिहिलेलं असतं ना, तो ओव्हरक्लॉकच आहे बरं. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीची अधिकृत मर्यादा दोन स्टिकला ५२०० आणि चार स्टिकला फक्त ३६००. डीडीआर५ चं मूळ व्होल्टेज १.१, ६००० च्या प्रोफाइलला ते बहुतेक १.३५ च्या आसपास जातं. म्हणजे गरमी आलीच.

आणि गरमीनं काय होतं? रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे एक बारीक कपॅसिटर. तो माठासारखा पाझरत राहतो, म्हणून सारखा भरावा लागतो. यालाच रिफ्रेश म्हणतात. जेवढी गरमी जास्त, तेवढा पाझर जास्त. चिप ८५ अंशांच्या वर गेली की रिफ्रेश दुप्पट वेगानं करा, असं मानकच सांगतं. काही हौशी लोक वेग काढायला रिफ्रेशमधलं अंतर वाढवून ठेवतात. त्यांची रॅम ८५ ची वाट पाहत नाही, त्याच्या किती तरी आधीच चुका करते.

आता आपला वऱ्हाड. मे महिन्यात अकोल्यात पारा ४५ च्या पुढे जातो, अमरावतीही फार मागे नाही. कूलर चालू आहे तोवर खोली ठीक. पण लाइट गेली की इन्व्हर्टरवर पंखा आणि पीसी चालतो, कूलर नाही. तुमच्या रॅमची खरी परीक्षा ती.

म्हणून टेस्ट अशी मारा. आधी एक्सएमपी बंद ठेवून मेमटेस्ट८६+ पेनड्राइव्हवरून चालवा. तिथंच एरर आली तर ओव्हरक्लॉकचा संबंध नाही; स्टिक एकेक करून, स्लॉट बदलून पाहा, आणि स्टिकच खराब निघाली तर वॉरंटीत द्या. मग एक्सएमपी चालू करून पुन्हा. पण या टेस्टमध्ये ग्राफिक्स कार्ड थंड बसलेलं असतं, हे लोक विसरतात. गेम खेळताना त्याचीच गरम हवा रॅमवर जाते. म्हणून विंडोजमध्ये ओसीसीटीसारखी टेस्ट लावा, कार्डवरही लोड द्या, आणि दुपारी दोन ते पाच, कूलर बंद करून बघा. डीडीआर५ च्या स्टिकवर सेन्सर असतो, तापमान एचडब्ल्यूइन्फोमध्ये दिसतं. एक एरर आली तरी नापास. इथं ३५ मार्कांवर पास नाही गड्या.

निळी स्क्रीन आली तर नशीब समजा, निदान कळतं तरी. वाईट ते, जे कळत नाही. लग्नाचे फोटो एडिट करताना एक बिट उलटला, फाइल तशीच सेव्ह झाली, बॅकअपमध्येही तीच गेली. सहा महिन्यांनी उघडली तर अर्धा फोटो करडा. कॉलेजच्या प्रोजेक्टचंही हेच.

एरर आली तर बायोसमध्ये ६००० चं ५६०० करा आणि पुन्हा दुपारची टेस्ट लावा. बहुतेक गेममध्ये फरक जाणवतही नाही. कॅबिनेटला पुढून एक पंखा वाढवा. आणि हाव, कूलरचं तोंड थेट कॅबिनेटकडे ठेवू नका, पाण्याचे तुषार आत जातात.